नकाशातला ‘पडीक’ रंग आणि सड्यावरचा वारा

जुलैमध्ये पाम बीच रोडवर छत्री उलटी झाली की ओळखीतलं कुणीतरी मला हमखास विचारतं, “तू पवनचक्क्यांवर पीएच.डी. करतेस ना? एवढा वारा फुकट चाललाय, मग खारघरच्या डोंगरावर चार पवनचक्क्या का नाही लावत?” प्रश्न गमतीत विचारलेला असतो, पण तो चांगला आहे. पवनचक्की नेमकी कुठे लावायची, हे ठरवण्याची पद्धत हाच माझा विषय. आज तो जमेल तेवढा सोपा करून सांगते, आणि त्यातला जो भाग मला सगळ्यात जास्त खटकतो त्यावर जरा जास्त थांबते.

आधी खारघरचं उत्तर. छत्री उलटवणारा वारा आणि वीज देणारा वारा यांत फरक आहे. पवनचक्कीला वर्षभर, शक्यतो एका दिशेने, न अडखळता वाहणारा वारा लागतो. साधारण सेकंदाला ३ मीटर वेग झाला की पाती वीज द्यायला लागतात, ११-१२ मीटरला पूर्ण क्षमता गाठतात आणि २५ मीटरच्या आसपास यंत्र स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे वादळाचा वारा तसा निरुपयोगीच. नवी मुंबईत उंच इमारतींमुळे वारा तुटतो, त्यात भोवरे तयार होतात, आणि त्याने वीज कमी व यंत्राची झीज जास्त होते. शिवाय उलव्याला विमानतळ, म्हणजे उंचीवर बंधनं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो, २०२२ पासून रामसर यादीत असलेली पाणथळ जागा. आणि माणसं, सगळीकडे माणसं. त्यामुळे नकाशावर आपलं शहर पहिल्याच फेरीत बाद होतं.

मग पास कोण होतं? इथे एक गणित माहीत असायला हवं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ वरून ७ झाला तर ऊर्जा ७/५ पट होत नाही, तर १२५ ला ३४३ या हिशोबाने जवळपास पावणेतीन पट होते. ६ आणि ७ मध्ये आपल्याला गालावर फरकही जाणवणार नाही, पण विजेच्या बिलात तो ५९ टक्क्यांचा आहे. म्हणून पवनऊर्जेच्या कंपन्या अर्ध्या मीटरसाठी डोंगर चढतात. पाती वाऱ्यातली सगळी ऊर्जा कधीच काढू शकत नाहीत (कमाल मर्यादा ५९.३ टक्के, हा बेट्झचा नियम), त्यामुळे जे मिळतं ते मुळात जिथे जास्त आहे तिथेच जायचं, हा सरळ व्यवहार.

महाराष्ट्रात जास्त कुठे आहे? नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. भिंतीवरून जाताना तो दाबला जातो आणि माथ्यावर वेग घेतो. पाइपचं तोंड बोटाने अर्धं दाबलं की पाणी लांब उडतं, साधारण तसंच. त्या माथ्यावर जर सपाट, झाडं नसलेलं पठार असेल तर अडथळाच नाही. अशी पठारं साताऱ्याच्या बाजूला भरपूर आहेत; तिथले लोक त्यांना सडा म्हणतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी ठोसेघर-चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मग पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, हजार-अकराशे मीटर उंचीवर वनकुसवडेचं पठार भरलं. ज्यांनी शाळेच्या सहलीत ठोसेघरचा धबधबा पाहिलाय त्यांना ती रांग आठवत असेल. (एक बारीकशी गंमत: एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते, म्हणजे त्याच वेगाला तेवढी वीज कमी. पण वेगाचा घन ही तूट आरामात भरून काढतो.)

तेव्हा जागा कशी निवडली जायची? मुख्यतः वारा मोजून आणि अनुभवाने. मास्ट म्हणजे एक बारीक, तारांनी ताणलेला खांब उभा करायचा, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वेगमापक लावायचे आणि किमान वर्षभर थांबायचं. आजही अंतिम निर्णय मास्टशिवाय होत नाही. पण मास्ट कुठे लावायचा हे आता आधी संगणकावर ठरतं, आणि इथून माझं काम सुरू होतं.

पद्धत अशी. जिल्ह्याचा नकाशा घ्यायचा आणि त्याचे छोटे छोटे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनासाठी थर रचायचे, ज्यांना आम्ही लेयर म्हणतो: वाऱ्याचा वेग, जमिनीचा उतार, रस्त्यापासून अंतर, वीज उपकेंद्रापासून अंतर, वस्तीपासून अंतर, जमिनीचा प्रकार. मग दोन कामं. पहिलं म्हणजे चाळणी. अभयारण्य, जलाशय, विमानतळाचा परिसर, गावठाण आणि त्याभोवतीचा पट्टा हे सरळ कापून टाकायचं. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आवाजाच्या त्रासासाठी घरापासून ५०० मीटर अंतर ठेवायचं असतं, तेही इथेच येतं. दुसरं काम गुणांचं. जे चौकोन उरले त्यांना प्रत्येक लेयरसाठी १० पैकी गुण द्यायचे, प्रत्येक लेयरला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. वजन ठरवायला थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली एएचपी नावाची पद्धत सर्रास वापरली जाते. त्यात तज्ज्ञांना जोड्या लावून विचारतात: उपकेंद्राच्या तुलनेत वारा किती पट महत्त्वाचा? उताराच्या तुलनेत रस्ता किती? या उत्तरांतून टक्केवारी निघते. शेवटी हिरवा-पिवळा-लाल नकाशा तयार होतो, तो सेमिनारमध्ये फार छान दिसतो.

आता एक खेळ करून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. दोन जागा घ्या. ‘अ’ म्हणजे घाटमाथ्यावरचा सडा. ‘ब’ म्हणजे पूर्वेकडचं कोरडवाहू शेतीचं माळरान. तीन निकष: वारा (वजन ५० टक्के), रस्ता आणि वीजवाहिनी (२५), जमीन (२५). सड्याला वाऱ्याचे ९, रस्ता-वाहिनीचे ५, आणि जमिनीचे ९, कारण तिथे ना शेत, ना घर, ना झाड. बेरीज ८. माळरानाला वाऱ्याचे ७, रस्ता-वाहिनीचे ८, जमिनीचे ५, कारण तिथे ज्वारी पिकते आणि पन्नास सातबारे आहेत. बेरीज ६.७५. सडा जिंकला.

आता वाऱ्याला हात लावू नका. वजनांनाही नाही. फक्त सड्याचे जमिनीचे गुण ९ वरून २ करा. बेरीज होते ६.२५, आणि माळरान पुढे जातं. अख्ख्या नकाशाचा निकाल एका खान्यावर फिरला. म्हणून विचारायला हवं, की तो ९ कुणी दिला होता?

बहुतेक वेळा तो कुणी दिलेला नसतोच. तो उपग्रहाच्या चित्रावरून आलेला असतो. आपल्याकडे देशाचा अधिकृत पडीक जमीन ॲटलास आहे, त्यात ‘खडकाळ, उजाड’ असा एक प्रकार आहे. उन्हाळ्यात वरून पाहिलं तर सडा हुबेहूब तसाच दिसतो: काळपट-तांबडा जांभा दगड, झाड नाही, माती नाही. सॉफ्टवेअर त्याला पडीक म्हणतं. पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे उपलब्ध, उपलब्ध म्हणजे ९ गुण. एकही माणूस खोटं बोललेला नसतो, आणि तरीही निकाल चुकीचा येऊ शकतो.

कारण सडा रिकामा नाही. याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा म्हणजे कास. एप्रिलमध्ये कासला जा, तुम्हाला काळा खडक दिसेल. पावसाळ्याच्या शेवटी त्याच खडकावर फुलांचे गालिचे असतात आणि तिकीट काढून रांग लावावी लागते. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. बोटभर मातीत, जांभ्याच्या खाचांत, पावसाच्या डबक्यांत काही महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या या वनस्पती. फुलांमुळे कासला ओळख मिळाली. बाकीच्या सड्यांचे फोटो तेवढे व्हायरल होत नाहीत, एवढाच फरक, असं मला अनेकदा वाटतं.

आणि चाळकेवाडीच्या सड्याबद्दल तर आपल्याकडे चक्क मोजमाप आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी तिथे पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. पवनचक्क्या १६ ते २० वर्षं फिरत होत्या, म्हणजे परिणाम दिसायला पुरेसा वेळ झाला होता. पवनचक्क्या होत्या तिथे शिकारी पक्षी, म्हणजे तिसा, कापशी वगैरे, जवळजवळ चार पटींनी कमी. इथपर्यंत अपेक्षितच. पण पुढची गोष्ट भारी आहे. या पक्ष्यांचं एक खाद्य म्हणजे सड्यावरचा पंखगळ्याचा सरडा. नराच्या गळ्याला निळ्या-काळ्या-नारिंगी रंगाचा पंखा असतो, मादीला खूश करायला तो दगडावर चढून उघड-मीट करतो. २०१६ मध्ये या सरड्यांची जी नवी प्रजात शास्त्रज्ञांनी मांडली तिचं नाव ‘सारडा’ ठेवलं, आपल्या ‘सरडा’वरूनच. चाळकेवाडीची जाती म्हणजे ‘सारडा सुपर्बा’. तर पक्षी कमी झाल्यावर हे सरडे संख्येने वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळत नव्हते. निर्धास्त झाले म्हणा. पण गर्दी वाढली तशी खाण्याची ओढाताण झाली, अंगाने ते बारीक झाले आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला.

हा अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला. त्याचा सारांश असा, की पवनचक्की त्या सड्यावर सगळ्यात वरच्या शिकाऱ्यासारखी वागते: ती कुणालाही खात नाही, पण तिच्या नुसत्या असण्याने साखळी खालपर्यंत हलते. माझ्यासाठी त्याचा अर्थ अगदी कोरडा, तांत्रिक आहे. ज्या चौकोनात आपण ‘पडीक, गुण ९’ लिहिलं होतं, तिथे किमान तीन मजल्यांची अन्नसाखळी होती आणि ती एकाही लेयरमध्ये नव्हती.

नकाशात न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता. ‘रस्त्यापासून अंतर’ हा लेयर आम्ही सरळ रेषेत मोजतो. खालच्या गावाचा रस्ता ते वरचा माथा, दोन किलोमीटर, उत्तम. पण पन्नास-साठ मीटरचं एकसंध पातं घेऊन जाणारा ट्रेलर सरळ रेषेत वर चढत नाही. त्याला रुंद वळणं लागतात, कमी चढ लागतो, म्हणजे डोंगर कापावा लागतो. दोनाचे दहा किलोमीटर होतात. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरात, खेड-मावळच्या डोंगरांवर आंध्रा लेक पवनऊर्जा प्रकल्प झाला, तेव्हा हेच झालं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्याची दखल घेतली: वनखात्याच्याच अंदाजाने सुमारे २८ हजार झाडं गेली, रस्त्यांसाठी कापलेल्या उतारांवरून दरडी आणि राडारोडा खाली आला, शेतांत आणि जलाशयांत गेला. पवनचक्कीचा पाया किती जागा घेतो असं विचारलं तर उत्तर येतं, एक हेक्टरसुद्धा नाही. खरं आहे. माळरानावर ते उत्तर पुरेसं आहे, तिथे दोन मनोऱ्यांमध्ये ज्वारी सुखाने पिकते. घाटमाथ्यावर मात्र जागा खातो तो रस्ता.

यावर कुणी म्हणेल, मग पर्यावरणीय परवानगीत हे अडत कसं नाही? उत्तर सोपं आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, तीत पवनऊर्जा नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची मंजुरी लागते, पण खासगी किंवा महसुली सडा असेल तर जनसुनावणी वगैरे काही नाही. स्वच्छ ऊर्जा म्हणून सूट दिली गेली. सूट देण्यामागचा हेतू मला पटतो. कोळशाची राख आणि धूर पाहिलेल्या कुणालाही पटेल. पण त्यामुळे जागा निवडण्याचा तो रंगीत नकाशाच बऱ्याचदा पहिली आणि शेवटची तपासणी ठरतो, आणि म्हणून त्यातला प्रत्येक खाना महत्त्वाचा.

तिसरी न दिसणारी गोष्ट, माणसं. ५०० मीटरचा नियम लावायचा तर घर कुठे आहे हे माहीत हवं. गावठाण नकाशात असतं. पाटण-साताऱ्याच्या डोंगरातला चार-पाच घरांचा धनगरवाडा बऱ्याचदा नसतो. चराई तर कधीच नसते: उपग्रहाला गवत दिसतं, त्यावर कुणाच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरतात ते दिसत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, जिथे ब्राह्मणवेलचा मोठा पवनऊर्जा प्रकल्प आहे, वनजमिनीवरच्या पवनचक्क्या आणि आदिवासींचे वनहक्काचे दावे यांचा झगडा झाला. वनहक्क कायदा २००६ चा. दावा प्रलंबित असलेली जमीन कुठल्या रंगात दाखवायची, याचं उत्तर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

एवढं वाचून वाटेल की मी पवनचक्क्यांच्या विरोधात आहे. नाही. पावसाळ्यात सौरऊर्जा झोपते तेव्हाच आपला वारा जागा होतो, ही जोडी महाराष्ट्राला हवीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की १९९० च्या दशकात सड्याला पर्याय कमी होता, आज तसं नाही. कारण उंची. जमिनीपासून वर जाल तसा वारा वाढतो. एका ढोबळ नियमाने ५० मीटरवरून १२० मीटरवर गेलं की वेग साधारण १३ टक्क्यांनी वाढतो, आणि त्याचा घन घेतला की ऊर्जा ४५ टक्क्यांनी. त्यात पात्यांच्या चक्राचा व्यास ४० वरून १२० मीटर झाला तर वारा पकडणारं क्षेत्रफळ नऊ पट. म्हणजे जे माळरान जुन्या यंत्राला ‘वारा नाही’ म्हणून नापास होत होतं, तेच नव्या यंत्राला पास होतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा महाराष्ट्रासाठीचा अंदाज १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ गिगावॉट, आणि १५० मीटरवर जवळपास १७४ गिगावॉट आहे. प्रत्यक्ष उभारलेली क्षमता पाचेक गिगावॉट. कागदावर एवढी मोकळीक असताना सड्यावरच गेलं पाहिजे असा हट्ट उरत नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत प्रकल्प बीड-धाराशिवच्या माळांकडे सरकलेले दिसतात. तिथे सरडे आणि दरडी यांचा प्रश्न हलका होतो, पण सातबाऱ्यांचा जड होतो: कुणाची जमीन, भाडं किती, वाहिनी कुणाच्या बांधावरून, मध्यस्थ कोण. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. तेव्हा ‘माळरानाला ५ गुण’ हेही आपण सहज लिहून टाकतो असं नको.

मग सड्यासाठी काय करायचं? माझ्या मॉडेलमध्ये मी दोन बदल केलेत. एक, जांभ्याचा सडा गुणांच्या यादीतून काढून चाळणीत टाकला. गुणांच्या बेरजेत जोरदार वारा कशाचीही भरपाई करू शकतो. चाळणीत करू शकत नाही. यावर माझ्या गाईड मॅडमशी माझे अजून वाद चालू आहेत. सरसकट चाळणी म्हणजे आळस, प्रत्येक सडा वेगळा तपास, असं त्यांचं मत, आणि त्यातही तथ्य आहे. दोन, पक्ष्यांचा लेयर. तो आता शून्यातून बनवावा लागत नाही: बर्डलाइफ आणि बीएनएचएस यांच्या सहभागातून २०२२ मध्ये ‘अविस्टेप’ नावाचा नकाशा खुला झाला, त्यात कुठला भाग पक्ष्यांसाठी किती नाजूक आहे ते दिसतं. फुकट आहे, कुणीही आपला तालुका उघडून बघू शकतं.

आणि आधीच भरलेली पठारं आहेतच. चाळकेवाडी, वनकुसवडे इथे रस्ते झालेत, वाहिन्या झाल्यात, जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय, आणि उभी आहेत ती जुनी, छोटी यंत्रं, राज्यातल्या अव्वल वाऱ्यात. ती उतरवून त्यांच्या जागी थोडी, मोठी यंत्रं लावणं याला रीपॉवरिंग म्हणतात. केंद्राचं त्यासाठी २०१६ मध्ये धोरण आलं, २०२३ मध्ये सुधारून पुन्हा आलं, तरी गाडी हळूच चालली आहे. त्यातली एक अडचण अगदी देशी आहे. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के, पुढे ऐंशी टक्के घसारा मिळायचा, त्यामुळे कर वाचवायला कितीतरी कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी एकेक-दोनदोन यंत्रं विकत घेतली. आज एका मोठ्या यंत्रासाठी पाच-सहा जुनी काढायची तर पाच-सहा मालकांच्या सह्या हव्यात, आणि नव्या यंत्रातला कुणाचा वाटा किती हे आधी ठरायला हवं.